कोयनेचं धरण बांधतानाचे फोटो घरात सापडलेत? आधी भिंत वाचा, मग स्कॅनर काढा

पाटण, कराड, चिपळूण, सातारा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक अल्बम असतोच, काळ्या जाड पानांचा, मध्ये मध्ये बटर पेपर, आणि त्यात लग्नं-बारशी चालू असताना मध्येच सात-आठ फोटो कुठल्यातरी अर्धवट भिंतीचे. कुणाचे आजोबा कोयनेवर ओव्हरसियर होते, कुणाचे मिस्त्री, कुणाचे स्टोअरकीपर नाहीतर ड्रायव्हर. आजोबा गेले, आता तो फोटो कधीचा, कुठून काढलेला, त्यात उभं कोण आहे, कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी मोबाईलने तिरका फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं, सगळे अंगठा देतात आणि अल्बम परत माळ्यावर जातो. मी हे काम हौस म्हणून करतो, नातेवाईकांचे आणि ओळखीच्यांचे असे अल्बम घेऊन बसतो, त्यामुळे काय कसं करायचं ते एकदा सविस्तर लिहून टाकतोय. उदाहरणं कोयनेची देतोय कारण मला तेच नीट माहितीये, पण भंडारदरा असो की भाक्रा, पद्धत तीच.

पहिली गोष्ट, माणसांकडे बघून तारीख लावायला जाऊ नका. कपडे फसवतात, चेहरे फसवतात, आजोबा तिशीतही चाळिशीचे दिसायचे आणि सोला हॅट तर साहेब लोक वर्षानुवर्षं तीच घालायचे. तारीख भिंतीवर असते. दगडी किंवा काँक्रीटचं धरण एका दमात आडवं वाढत नाही, ते उभ्या ब्लॉक्समध्ये वाढतं, इंजिनिअर लोक त्याला मोनोलिथ म्हणतात, आणि हे ब्लॉक मागेपुढे चढवतात त्यामुळे बांधकाम चालू असतानाची भिंत लहान पोराच्या पडक्या दातांसारखी दिसते, एक वर, एक खाली, मध्ये एक गायब. आता यातली मजा अशी की काँक्रीट कधी खाली येत नाही. आज जो ब्लॉक या उंचीला आहे तो पुढच्या महिन्यात एकतर तिथेच असेल नाहीतर वर. म्हणजे दोन फोटोंत तोच ब्लॉक ओळखता आला की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा यात वादच उरत नाही. सगळे फोटो टेबलावर पसरा, एकेका ब्लॉकची शेजारच्याशी तुलना करा आणि ओळीत लावत जा. तारीख लगेच मिळणार नाही पण क्रम मिळेल, आणि क्रम लागला की एका फोटोची तारीख कळली तरी आजूबाजूच्यांची आपोआप आवळत येते.

कोयनेला तर मोजपट्टी फोटोतच आहे. धरणाची लांबी साधारण ८०७ मीटर, म्हणजे २६४८ फूट, आणि ब्लॉक ५३, म्हणजे एक ब्लॉक जवळपास ५० फूट रुंद. फोटोत दोन उभे सांधे स्पष्ट दिसत असतील आणि फोटो समोरून काढलेला असेल तर मधलं अंतर ५० फूट धरा आणि त्यावरून शेजारचा ब्लॉक किती फूट वर गेलाय ते पट्टीने मोजा. माणसावरूनही अंदाज येतो पण माणूस त्याच भिंतीला टेकून उभा असला पाहिजे, कॅमेऱ्याजवळ उभ्या साहेबावरून मागची भिंत मोजलीत तर १०३ मीटरचं धरण दोन मजली होईल.

तारखांचा सांगाडा पाठ असू द्या. काम १९५० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं, १९६२ ला पोफळीच्या भूमिगत वीजघरातून पहिली वीज निघाली, भिंत १९६३-६४ च्या सुमारास पूर्ण झाली. सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी सोडायच्या भागाचे दरवाजे, ते सहा वक्र दरवाजे, शेवटी शेवटी बसतात. म्हणजे खांब उभे आहेत पण मध्ये दरवाजे नाहीत असा फोटो असेल तर तो अगदी उशिराचा टप्पा. उलट फोटोत भिंतच नाही, नुसता खोदलेला काळा खडक, पाण्याचे पाईप आणि खडक घासून धुणारी माणसं, हा पायाचा टप्पा, सगळ्यात आधीचा. असे फोटो लोक "काही दिसत नाहीये यात" म्हणून बाजूला काढतात, कृपा करून काढू नका. पाया एकदा झाकला की परत कुणालाच दिसत नाही, त्यामुळे माझ्या मते अख्ख्या अल्बममधला सगळ्यात मोलाचा फोटो तोच.

आणि क्रेनला लटकलेला भलामोठा दगड बघून "हा खाणीतला फोटो" असं लिहून मोकळे होऊ नका. कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे मोठमोठे दगड बसवून त्यांच्याभोवती काँक्रीट भरलेलं. तो दगड खाणीतून निघत नसेल, भिंतीत चालला असेल.

मग भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. ही कोयनेच्या फोटोंसाठी सरळ सरळ रेघ आहे, अलीकडचे आणि पलीकडचे. धरणाच्या खालच्या बाजूच्या, म्हणजे पाणी अडतं त्याच्या उलट बाजूच्या उताराला वरच्या भागात एक मोड आहे, तिथून वर भिंत जास्त उभी होते, भूकंपात चिरा पडल्या त्या मुख्यतः त्या मोडाच्या आसपास. नंतर सांडवा सोडून जे उंच ब्लॉक आहेत त्यांना खालच्या अंगाने काँक्रीटचे जाड बट्रेस, म्हणजे टेकू, लावून मजबुती केली. म्हणजे तुमच्या फोटोत खालच्या बाजूने भिंत सपाट दिसतेय, मोड स्वच्छ दिसतोय, बट्रेस नाहीत, तर फोटो त्या मजबुतीच्या आधीचा. बट्रेस दिसले तर नंतरचा, मग आजोबा काहीही सांगून गेलेले असोत. सांडव्याच्या भागाची मजबुती तर अजून कितीतरी नंतर, २००० नंतरच्या दशकात झाली, तेव्हा तो फरक रंगीत फोटोंत शोधायचा.

ऋतूही बघा. त्या खोऱ्यात पाऊस असा कोसळतो की मुख्य काम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी आवरायचं. डोंगरावर गवत पिवळं पडलेलं असेल तर फेब्रुवारी ते मे, हिरवंगार आणि ब्लॉकवर कुणीच नाही तर पावसाळा किंवा नुकताच संपलेला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळं-हिरवं कळणार कसं, तर पोत बघा, वाळलेलं गवत उजळ दिसतं आणि डोंगराची हाडं दिसतात, पावसानंतरचं गडद आणि मऊ. खालच्या ठेवलेल्या ब्लॉकवरून नदी धो धो वाहतेय असा फोटो असेल तर घाबरू नका, धरण फुटलेलं नाहीये, पावसाळ्यात पाण्याला वाट ठेवायचीच पद्धत होती.

डावं-उजवं याबद्दल मात्र एकदाच ठरवून घ्या, नाहीतर दोन मामांची भांडणं होतात. नदीचा डावा काठ-उजवा काठ हा नेहमी पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून सांगायचा. कोयना तिथे साधारण उत्तरेकडून दक्षिणेला येते आणि हेळवाकला वळून पूर्वेला कराडकडे जाते, तेव्हा धरणापाशी उजवा काठ म्हणजे पश्चिमेचा, कोकणाकडचा. फोटो खालून, म्हणजे हेळवाकच्या बाजूने काढलेला असेल तर उजवा काठ फोटोत डाव्या हाताला येणार. आणि हे सगळं बरोबर जुळवूनही डोंगर उलटे दिसत असतील तर शक्यता ही की निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलीये. तपासायला सोपं, ट्रकवरची अक्षरं, शर्टाचा खिसा, मनगटावरचं घड्याळ, जीपचं स्टिअरिंग. खिसे सगळ्यांच्याच उजव्या छातीवर (त्यांच्या उजव्या, तुमच्या नाही) आले तर फोटो उलटा आहे, शंका नको.

फोटो धरणाचाच आहे ना हेही बघा. कोयना प्रकल्प म्हणजे नुसती भिंत नाही, नवजाकडे पाणी आत घ्यायचं काम, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे, खाली पोफळी. बोगद्याच्या तोंडाशी हेल्मेटवाली माणसं हा भिंतीचा फोटो नाहीच. अलोऱ्याला क्वार्टर्समध्ये राहिलेल्या घरांत तर कोळकेवाडीच्या धरणाचे फोटो हमखास मिसळलेले असतात, ते नंतरचं, तिसऱ्या टप्प्याचं, आणि बरंच ठेंगणं. अशी गल्लत मोठ्यांचीही होते. अमेरिकेतल्या लाईफ मासिकाचा २३ नोव्हेंबर १९३६ चा पहिला अंक, त्याच्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइटने काढलेला फोर्ट पेक धरणाचा फोटो म्हणून जो जगभर गाजला, तो मुळात धरणाच्या भिंतीचा नाहीच, भिंतीपासून काही मैल लांब असलेल्या सांडव्याचा आहे. तिने खाली कोपऱ्यात दोन चिमुकली माणसं ठेवली म्हणून त्या खांबांची उंची अंगावर येते. तिथे जर हे होतं तर तुमच्या काकांनी "धरण" लिहून बोगदा चिकटवला तर काय मोठंसं.

आता फोटो उलटा करा. मागची बाजू ही पुढच्या बाजूइतकीच कामाची असते, फक्त एक लक्षात ठेवा, मागे जे कळतं ते प्रिंट कधी काढली त्याचं, फोटो कधी काढला त्याचं नाही. शिक्क्यावर बॉम्बे स्टेट असेल तर १ मे १९६० च्या आधीचा शिक्का असणार, अर्थात सरकारी ऑफिसात जुने शिक्के संपेपर्यंत वापरायचे हेही धरून चाला. स्टुडिओच्या पत्त्यात पिनकोड असेल तर प्रिंट १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, पिनकोडच तेव्हा आला. कागदावर इंदू असं नाव दिसलं तर प्रिंट १९६७ च्या आधीची नाही, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं उत्पादन तेव्हा सुरू झालं. समोरच्या बाजूला ॲम्बॅसेडर उभी असेल तर फोटोच १९५७-५८ किंवा नंतरचा. असे पुरावे एकावर एक ठेवत जायचं, एकट्या कुणावर भरवसा ठेवायचा नाही.

आत्ता माझ्यासमोर एक प्रिंट आहे, पोस्टकार्डएवढी, कडा कातरलेल्या. पानावर पांढऱ्या शाईने लिहिलंय, साहेबांची भेट. तीन माणसं ब्लॉकच्या माथ्यावर उभी, मधल्याच्या हातात गुंडाळलेला नकाशा, डावीकडचा हात लांब करून काहीतरी दाखवतोय. नुसत्या डोळ्याने एवढंच. मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून स्क्रीनवर वाढवलं तर मागच्या ब्लॉकच्या शटरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, चुन्याने लिहिलेला आकडा निघाला, त्याच्या पलीकडे एक ब्लॉक बराच खाली आणि त्यावर ओलसर डाग, म्हणजे आदल्या पावसात पाणी तिथून गेलंय, सावल्या लांब, गवत उजळ. आणि अगदी खालच्या कडेला, अल्बमच्या कागदी कोपऱ्याखाली अर्धी झाकलेली, डोक्यावर घमेली घेतलेल्या सहा बायकांची रांग, त्यातली एक वळून थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. साठ वर्षं त्या कागदी कोपऱ्याखाली होती ती. म्हणून फोटोचं नाव साहेबांवरून ठेवलं तरी नोंदीत त्या बायका आल्याच पाहिजेत, किती जणी, काय वाहतायत, पायात काही आहे का नाही. धरणं घमेल्यावर आणि सुरुंगावर उभी राहिली आणि फोटोखाली नावं मात्र फक्त हॅटवाल्यांची लिहिलेली असतात.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर उत्तमच, पोस्टकार्ड साईजला ६०० डीपीआय, ती जुनी चौकोनी छोटी, निगेटिव्हच्याच आकाराची कॉन्टॅक्ट प्रिंट असेल तर १२००, निगेटिव्ह असेल तर २४०० च्या पुढे आणि स्कॅनरला निगेटिव्हचा लाईट आहे का ते आधी बघा. ब्लॅक अँड व्हाइट असला तरी कलरमध्येच स्कॅन करा, पिवळेपणा, पेन्सिल, शिक्क्याची जांभळी शाई हे सगळं पुरावा आहे. मागची बाजू स्कॅन करा, अल्बमचं अख्खं पानही करा, कारण कुठला फोटो कुणाशेजारी लावला होता यावरूनही क्रम कळतो. मूळ फाईल टिफ ठेवा आणि तिला हात लावू नका, वाटायला वेगळी जेपीजी करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलंत की तो चुन्याचा आकडा गेलाच समजा. आणि ते एआयने रंगीत करायचं खूळ, करा हौस असेल तर, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण ते ॲप नसलेले दगड तयार करतं आणि असलेले सांधे पुसून टाकतं.

स्कॅनर नसेल तर मोबाईल चालतो. खिडकीशेजारी, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, फोटो सपाट, मोबाईल बरोबर वर आणि समांतर. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, चित्राचा थर काचेवरच राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेतूनच काढा, अंगात काळा शर्ट घाला म्हणजे तुमचं प्रतिबिंब येणार नाही. काळ्या पानाला खळीने चिकटवलेला असेल तरी तेच, ओढायचा नाही.

फाईलला नाव देताना वर्ष, जागा, बाजू, नंबर एवढं बास, म्हणजे "१९५९अंदाजे_कोयना_सांडवा_खालून_०१२" असं काहीतरी. अंदाजे हा शब्द लाजू नका लिहायला. उगाच पक्कं वर्ष ठोकलंत की पुढच्या पिढीत तेच खरं होऊन बसतं. सोबत एक साधी एक्सेल शीट, त्यात तुम्ही अंदाज कशावरून बांधला ते एका ओळीत.

घरातल्या जुन्या माणसांना विचारायचं राहून जातं आणि विचारलं तर चुकीचं विचारतो आपण. "हा फोटो कधीचा?" असं विचारलं की उत्तर येतं "असेल साठ-बासष्टचा". त्यापेक्षा विचारा, तेव्हा तुम्ही कुठल्या क्वार्टरमध्ये होतात, थोरला जन्मला होता का, शाळेत कितवीत होता, बाजाराला कुठे जायचात, भूकंपाच्या आधी का नंतर. बाळंतपणं आणि बदल्या बायकांच्या बरोबर लक्षात असतात, म्हणून आजोबांच्या फोटोंबद्दल आजीला विचारा, जास्त माल मिळतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, फोटो एकेक हातात द्या आणि गप्प बसा. आणि तुमचं घर पाण्याखाली गेलेल्या गावातलं असेल, शिवसागराने, म्हणजे कोयनेच्या जलाशयाने, गिळलेल्या गावांतली माणसं कुठे कुठे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत उठून गेली, तर देवळासमोरचा, वाड्याच्या ओट्यावरचा एखादा फोटो असेलच, तोही याच फोल्डरमध्ये ठेवा. तो धरणाचाच फोटो आहे, फक्त वरच्या बाजूचा.

मूळ फोटो जपायचे तर शत्रू एकच, दमट हवा. डांबराच्या गोळ्या नकोत, प्लॅस्टिकचे चिकट पानांचे अल्बम तर अजिबात नकोत, ते आधीच्या काळ्या अल्बमपेक्षा वाईट. साधा ॲसिड-फ्री कागद मिळाला तर पाकिटं करा, डबा जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, सिलिका जेल टाका आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, कोरड्या जागी दोन-चार दिवस ठेवून मऊ ब्रशने हलकं झटकायचं, घराबाहेर, नाकाला रुमाल लावून. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागलीये, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा आणि सगळ्यात आधी तीच स्कॅन करा, प्रिंट थांबतील, ती थांबणार नाही. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, फोटो पालथा घालून कठीण सपाट जागेवर. बॉलपेन उमटतं. गुळगुळीत प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर लिहा. सेलोटेप घरात असेल तर आधी लपवून ठेवा.

शेवटचं, बऱ्याच जणांना त्याच जागेवर उभं राहून आजचा फोटो घ्यायचा असतो, तेव्हा-आत्ता असं शेजारी शेजारी लावायला. छान कल्पना आहे, पण भिंतीवर आणि आसपास सुरक्षा कडक असते, ड्रोनचा तर विचारही करू नका. कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं, तिथून डोंगराची रेघ जुन्या फोटोशी जुळवा, डोंगर हलत नाहीत त्यामुळे कॅमेरा साधारण कुठे होता ते कळतं. जुन्या फोटोची एक प्रिंट सोबत न्या, स्क्रीनवर उन्हात काही दिसत नाही, आणि कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी चौकीवर विचारा. ती प्रिंट दाखवलीत तर बऱ्याचदा चौकीवरचाच कुणीतरी म्हणतो, थांबा, आमच्या घरी पण आहेत असले फोटो.